कडेची नजर



वाचक माउलींनो, आमच्या रिसोड-मालेगावकडची जुनी श्रोतेमंडळी हल्ली भेटली की प्रकृतीच्या आधी गाडीची चौकशी करतात. "महाराज, गाडी कोठी लावली?" मी म्हणतो, नातवाने लावली. मग थोडा वेळ कोणी बोलत नाही. डिकीत टाळ आणि पोथी, गळ्यात उपरणे, अशा अवस्थेत या माणसाला त्यांनी चाळीस वर्षे एकटाच येताना आणि काल्याचे कीर्तन आटोपून एकटाच जाताना पाहिलेले असते. विचारायचे तर असते, पण विचारायचे कसे, म्हणून ते माझ्या पाया पडतात आणि विषय पावसापाण्यावर नेतात.

प्रत्येकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा येथे एकदाच सांगतो. शिवाय ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. आपल्या दिंडीत साखरेची गोळी घेणारे किती आहेत ते मुक्कामाच्या ठिकाणी जेवणाआधी पाहावे. त्यांतले कितीतरी जण वारी करून घरी परतले की दुचाकीवर बसतात.

गाडीशी माझा संबंध हौसेचा नव्हता. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत, म्हणजे जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या संस्थेत, चार वर्षे अध्ययन करून गावी आलो तेव्हा सायकल होती. सप्ताहातले कीर्तन रात्री अकराला संपायचे आणि शेवटची एसटी संध्याकाळीच निघून गेलेली असायची. पुढे लुना आली, मग एम-८०, मग मोटारसायकल. माझा पहिला परवाना अकोल्याचा, कारण १ जुलै १९९८ पर्यंत वाशीम हा जिल्हाच नव्हता. एका सहीसाठी अकोल्याला जावे लागे. सोयाबीनच्या दिवसांत दिवा नसलेल्या ट्रॉल्या, रस्त्यावर बसलेली जनावरे, मेडशीच्या बाजूची जंगलातली वळणे, हे सारे पार करून पहाटेच्या काकड्याला घरी पोहोचायचो. या प्रवासात माझा परमार्थ किती झाला ते पांडुरंग जाणे, पण रस्त्याचा अभ्यास पुष्कळ झाला.

साखर निघाली त्याला आता वीस वर्षे झाली. कीर्तनकाराची साखर हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ज्यांनी सप्ताहात रोज नव्या घरी पंगत पाहिली आहे त्यांना तो कळेल. येथे डोळ्यांपुरते बोलतो. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की डोळ्याच्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. पडद्याला रक्त आणि प्राणवायू कमी पडतो. मग शरीर घाईने नव्या वाहिन्या काढते, पण त्या कच्च्या असतात, फुटतात आणि डोळ्यात रक्त सांडते. यात वाईट भाग असा की बराच काळ माणसाला काहीच जाणवत नाही. सुईत दोरा ओवता येतो, पोथी वाचता येते आणि आत पडदा बिघडत असतो. माझे तसेच होते. तपासणीत निघाले आणि चार वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांना लेसर करावे लागेल म्हणून सांगितले.

लेसर कसे होते ते सांगतो, कारण पुष्कळ माउली नुसत्या नावाने घाबरतात. थेंब घालून बाहुली मोठी करतात, दुसऱ्या थेंबाने डोळा बधिर करतात, हनुवटी यंत्रावर टेकवतात आणि डोळ्यावर एक भिंग ठेवतात. मग हिरवा लखलखाट, पुन्हा पुन्हा. मधूनच सुई टोचल्यासारखी कळ जाते. सगळे एका दिवशी होत नाही, तीन-चार बैठकी लागतात. एका डोळ्याला मिळून बाराशे ते सोळाशे ठिपके, कधी त्याहून जास्त. मी डॉक्टरांना विचारले, की डॉक्टरसाहेब, हा उजेड पडद्याला बरे करतो की जाळतो? ते म्हणाले, "महाराज, खरे सांगायचे तर जाळतो. कडेचा पडदा जाळून मधला वाचवतो."

हे मला लगेच समजले. शेतकऱ्याच्या घरी जन्मलो आहे. विहिरीला पाणी कमी पडले की आपण कडेचे वाफे सोडून देतो आणि मधला मळा जगवतो. कडेच्या पडद्याची मागणी कमी झाली की नव्या कच्च्या वाहिन्या सुकू लागतात आणि ज्या मध्यभागाने माणूस वाचतो, चेहरे ओळखतो, तो वाचतो. गेलेली नजर लेसर परत आणत नाही. आहे ती राखते. हल्ली डोळ्यात इंजेक्शनेही देतात. कोणाला काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतात.

या उपचाराचे मूळ ग्रहणात आहे हे ऐकून तर मला नवल वाटले. १९४५ च्या जुलैमध्ये युरोपात सूर्यग्रहण झाले. उघड्या डोळ्यांनी ग्रहण पाहून ज्यांचा पडदा भाजला असे रुग्ण मायर-श्विकेराथ नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या पाहण्यात आले. त्यांच्या मनात आले, की सूर्य नको तिथे भाजतो, तर आपण हवे तिथे, हवे तेवढेच भाजले तर? सुरुवातीला त्यांनी आरशांनी प्रत्यक्ष सूर्याचाच प्रकाश वापरला, मग दिवे आले, मग लेसर आले. पुढे अमेरिकेत मोठा अभ्यास झाला आणि १९७६ साली निष्कर्ष आला, की या उपचाराने मधुमेहातल्या तीव्र अंधत्वाचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो. आपल्या आज्या ग्रहणात अंगणात जाऊ देत नसत. त्याच ग्रहणाने माझी पोथी वाचवली असे म्हणायला हरकत नाही. आजही चष्मा लावून मी ज्ञानेश्वरीचा मोठा टाइप वाचतो.

पण कडेचे वाफे गेले ते गेलेच.

ते मला रस्त्यावर कळले नाही, हरिपाठात कळले. कीर्तनकाराचे डोळे समोर श्रोत्यांकडे असतात, पण त्याचे निम्मे काम कडेच्या नजरेवर चालते. मृदंगाचार्यांचा हात कधी उचलला, डावीकडच्या टाळकऱ्याला चाल कळली की नाही, विणेकरी थकला का, हे मान न वळवता दिसत असते. मान वळवली तर निरूपणाची साखळी तुटते. लेसरनंतर एके दिवशी देवळात हरिपाठाला उभा होतो आणि डाव्या टोकाच्या दोन टाळकऱ्यांचे टाळ ऐकू येत होते पण माणसे नव्हती. अंधार दिसला असता तर शंका आली असती. अंधारही नव्हता. खांब होता, भिंत होती, सारे नीट होते, फक्त ती दोन माणसे त्या चित्रात नव्हती. मान वळवल्यावर आली.

घरी येऊन नातवाला कामाला लावले. मी तुळशीवृंदावनाकडे नजर लावून ओसरीवर बसलो आणि त्याच्या हातात टाळ दिला. दोरी अशी धरायची की वाजता कामा नये. तो मागून हळूहळू पुढे येई आणि टाळ दिसला की मी "विठ्ठल" म्हणे. उजवीकडून टाळ खांद्याच्या थोडा पुढे आल्यावर दिसला. डावीकडून बराच पुढे येईपर्यंत दिसेना. मध्येच दोरी सुटून टाळ किणकिणला, म्हणजे कानाने तो आधीच पाहिला होता. पोराला गंमत वाटली. मला ती रात्र झोप लागली नाही.

नेमक्या त्याच सुमारास परवान्याची मुदत संपत आली होती. पंचावन्न वर्षे उलटल्यावर परवाना पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतो, आणि चाळिशी उलटलेल्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. त्याला नमुना १-अ म्हणतात. त्यातले डोळ्यांविषयीचे प्रश्न मी सुनेकडून वाचून घेतले. नजरेत दोष आहे का, आणि असल्यास चष्म्याने तो दूर झाला आहे का. लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट ओळखता येते का. रातांधळेपणा आहे का. याशिवाय अर्जदाराने स्वतः भरायचे एक घोषणापत्र असते. त्यात डॉक्टरांना काही विचारलेले नसते. आपले आपण लिहायचे आणि खाली सही करायची.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. ओळखीतला एक गृहस्थ घरी आला आणि म्हणाला, "महाराज, तुमाले कायले दगदग? आधारची झेरॉक्स द्या अन् फोटो द्या. दाखला सही-शिक्क्यासकट घरी आणून देतो. तुमाले कोनी डोये तपासाले बी लावनार नाही." त्याच्या मनात पाप नव्हते. महाराजांची सेवा घडावी एवढीच त्याची इच्छा होती आणि चहा घेताना तो पैसे नको म्हणाला. मी त्याला नको म्हटले तर तो खरोखर दुखावला. पण माउली, गळ्यात माळ घातलेल्या माणसाने न झालेल्या तपासणीच्या कागदाखाली सही करायची म्हणजे कठीण आहे.

तालुक्याला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या गाडीपासून पावलांनी अंतर मोजले आणि म्हणाले, वाचा. चष्म्यातून मी एमएच ३७ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत घडाघडा वाचले. रंगही ओळखले, भगव्या पताकेखाली आयुष्य गेलेल्याला लाल रंग दाखवून काय उपयोग, असे मी म्हटल्यावर डॉक्टर हसले. पुढे ते लिहीत लिहीतच म्हणाले, "रातांधळेपणा नाही ना?" त्यांची लेखणी 'नाही' लिहायला टेकलेलीच होती. एक शब्द बोलायचा होता, आणि तो बोलला असता तर कोणाला कधी कळलेही नसते.

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, उजेडातून अंधारात गेलो की डोळे स्थिरावायला फार वेळ लागतो. समोरच्या गाडीचा दिवा पडला की नंतर रस्ता राहत नाही. दोन्ही डोळ्यांना लेसर झाले आहे." त्यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "मग मी यावर अशी सही करू शकत नाही. नेत्रतज्ज्ञांचे पत्र आणा."

आता एक शास्त्राचा मुद्दा सांगतो. कंटाळू नका, गाडीशीच संबंध आहे. आळंदीला वेदान्ताच्या पाठात आम्हाला सहा प्रमाणे शिकवली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती आणि अनुपलब्धी. सहावे प्रमाण तेव्हा मला फार सोपे वाटे. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. न दिसणे हेच नसण्याचे प्रमाण. पण आमचे गुरुजी लगेच अडवत. ते म्हणत, योग्य अनुपलब्धी पाहिजे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी सगळी सामग्री हजर असताना ती दिसली नाही, तरच ती नाही म्हणावे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही म्हणणारा मूर्ख ठरतो. पन्नास वर्षांत हा सिद्धान्त मी कीर्तनात अनेकदा सांगितला असेन, पण घड्याच्या पुढे तो कधी गेला नाही. ओसरीवर बसून टाळ शोधताना तो माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. गाडी चालवणारा प्रत्येक क्षणाला अनुपलब्धीवरच विसंबून असतो. डावीकडे कोणी दिसत नाही, म्हणून कोणी नाही, म्हणून वळतो. त्या बाजूचा पडदाच नसेल तर हे प्रमाण उरत नाही. आणि मन इतके मायावी की जिथे दिसत नाही तिथे काळे ठेवत नाही. आजूबाजूचा रस्ता, माती, गवत ओढून तेथे ठिगळ लावते. म्हणून अशा माणसाला स्वतःची नजर शाबूत वाटते. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटते.

नेत्रतज्ज्ञांनी कडेच्या नजरेची तपासणी केली. पांढऱ्या मोठ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे पाहत बसायचे आणि आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातले बटण दाबायचे. एकेक डोळ्याला पाच-सहा मिनिटे लागली. मध्ये बराच वेळ काहीच चमकत नव्हते तेव्हा मला वाटले यंत्र थांबले. नंतर कागदावर छापून आले त्यात कडेला राखाडी आणि काळे डाग होते. यंत्र थांबलेले नव्हते.

माझ्या एका गुरुबंधूंचा मुलगा इंग्लंडात असतो. त्याच्याशी फोनवर बोलताना कळले, की तिकडे नंबर प्लेट २० मीटरवरून वाचायची असते, सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवाना नवा करावा लागतो, आणि मधुमेही माणसाच्या दोन्ही डोळ्यांना लेसर झाले असेल तर ते परवाना कार्यालयाला स्वतः कळवावे लागते. मग त्याची कडेची नजर मोजतात. आडवी निदान १२० अंश भरली पाहिजे. माझ्या हाती आलेल्या आपल्याकडच्या नमुन्यात कडेच्या नजरेचा वेगळा प्रश्न मला दिसला नाही. नंबर प्लेटचा प्रश्न समोरचा आहे. समोरचे मला दिसते. यावर सरकारने काय करावे हे सांगायचा माझा अधिकार नाही. मात्र जो प्रश्न कागदावर नाही त्याचे उत्तरही आपल्याला ठाऊक असते, आणि ते ठाऊक असलेला माणूस त्या खोलीत एकच असतो.

आता रस्त्यावर या. ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ती परीक्षेची २५ मीटरची वाट सव्वादोन सेकंदांत संपते. "रामकृष्णहरी" सावकाश एकदा म्हणून होते तोवर. सरळ रस्त्यावर दिंडी असेल तर ती मला समोरच दिसेल, दिवसा तर नक्की. पण आपली माणसे सरळ रेषेत कुठे चालतात? धुऱ्यावरून कोणीतरी एकदम रस्त्यावर उतरते. मागे राहिलेली म्हातारी पुढच्या झेंडेकऱ्याला गाठायला रस्ता ओलांडते. लहान पोर चप्पल आणायला मागे पळते. ही सगळी आधी कडेलाच प्रकटतात, तेही पहाटे किंवा दिवेलागणीला, कारण उन्हाच्या आधी आणि उन्हानंतर चालणे हीच आपली रीत. मंद उजेडात पाहण्याचे काम पडद्याच्या कडेकडच्या भागावर जास्त असते आणि लेसरने तोच भाग खर्च केलेला असतो. म्हणजे माझे डोळे जिथे संपले, बरोबर तिथूनच वारकरी चालतो.

३१ ऑक्टोबर २०२२ ची संध्याकाळ अनेकांना आठवत असेल. कार्तिकीला निघालेल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या दिंडीत सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ मागून मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. पंढरी तेथून फार दूर राहिली नव्हती. त्याआधी १९ नोव्हेंबर २०१९ ला आळंदीला निघालेल्या नामदेवरायांच्या पालखी सोहळ्यात दिवेघाटात जेसीबी शिरला आणि नामदेवरायांचे वंशज सोपानमहाराज नामदास गेले. त्या चालकांचे डोळे कसे होते याविषयी मला काही म्हणायचे नाही. त्या अपघातांची कारणे वेगळी. पण शेगावची गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पातूरहून मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी आमच्याच जिल्ह्यातून जाते, आणि तो पांढरा ताफा डोळ्यांपुढे आणून मी घोषणापत्राचा कागद पुढ्यात घेतला, तेव्हा माझ्या हातून सही झाली नाही. नेत्रतज्ज्ञ म्हणाले होते, रात्री मुळीच नको, मोठ्या रस्त्यावर दिवसाही मी सांगणार नाही, गावातल्या गावात काय ते तुम्ही पाहा. गावातल्या गावात मी पायी जातो. अर्ज भरला नाही. परवाना संपला.

येथे कोणी म्हणेल, महाराजांना वैराग्य आले. छे. महिनाभर मी घरात कोणाशी धड बोललो नाही. गाडी विकायचा विषय मुलाने काढला तेव्हा ताटावरून उठलो. सहा किलोमीटरवरच्या गावी एकादशीला प्रवचन असते, तेथे जायला आता दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहायची. आमच्या घरच्यांचे गुडघे दुखतात; तालुक्याला औषध आणायला त्यांना मीच न्यायचो. त्या एकदा सहज म्हणाल्या, "तुमच्या मागं बसायची सवय झाली होती," आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मनात येईल तेव्हा उठून जाणे हीच एक संपत्ती होती माझ्याजवळ, ती गेली. सांत्वन करणारे येत. "महाराज, चर्मचक्षूंचे काय घेऊन बसलात, तुम्हाला अंतर्दृष्टी आहे!" अंतर्दृष्टीने रस्त्यावर बसलेली म्हैस दिसत नाही, असे मी दोघातिघांना सांगितल्यावर ते येणे थांबले.

एकाने मात्र गुलाबराव महाराजांचे नाव काढले आणि तेथे मी गप्प बसलो. आपल्या वऱ्हाडचेच ते, अमरावती जिल्ह्यातले. १८८१ चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, १९१५ ला समाधी. चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ. त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात आणि तेवढे म्हणून लोक हात जोडतात. पण त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारा कोणीतरी होता, सांगितलेले उतरवून घेणारा कोणीतरी होता. ज्ञानेश्वर माउलीची कन्या म्हणवणाऱ्या त्या महापुरुषाला दुसऱ्याचे डोळे मागायला संकोच वाटला नाही. मला नातवाला "चल" म्हणायला वाटत होता.

मग पोथी उघडली तर अकरावा अध्याय. विश्वरूपासाठी भगवंतांनी अर्जुनाला दिव्य दृष्टी दिली यावर मी किती तास बोललो असेन. पण रथ कोण हाकत होते? अर्जुन मागे बसला होता. तिकडे हस्तिनापुरात गीता ऐकणारा धृतराष्ट्र आंधळा, आणि त्याला ती सांगणारा संजय जातीने आणि कामाने सूत, म्हणजे सारथीच. गीतेचे दोन्ही श्रोते मागच्या आसनावरचे आहेत. हे काही कोणत्या टीकेत वाचलेले नाही, नातवाच्या मागे बसून रिसोडला जाताना सुचले. नातू फार जोरात हाकतो. त्याला मी "जनार्दना, हळू" म्हणतो. त्याचे नाव जनार्दन नाही.

ज्यांना साखर आहे त्यांना दोन गोष्टी. डोळ्याला काहीही होत नसले तरी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा दाखवा. थेंब घातले की काही तास धूसर दिसते, त्या दिवशी स्वतः गाडी नेऊ नका, सोबत माणूस न्या. आणि लेसर झाले म्हणजे प्रत्येकाने गाडी सोडावी असे मी म्हणत नाही. कितीतरी जणांची कडेची नजर पुरेशी राहते आणि ते वर्षानुवर्षे नीट चालवतात. ती किती राहिली हे मोजून घ्या, एवढेच. टाळाचा प्रयोग घरी करून पाहायला हरकत नाही, पण तो यंत्राच्या जागी नको.

दिंडीवाल्यांशीही थोडे बोलायचे आहे. आमच्या गावच्या दिंडीत यंदा आषाढीच्या आधी मी रेडियमच्या पट्ट्यांचा विषय काढला. पताकेच्या काठीला, शेवटच्या रांगेतल्या चौघांच्या पाठीला आणि तुळस घेतलेल्या बायांच्या पदराच्या वरच्या काठाला. एका वडीलधाऱ्या टाळकऱ्याने विरोध केला. म्हणाले, पांढऱ्या सदऱ्यावर रेडियम म्हणजे आम्ही रस्त्याचे मजूर दिसू. त्यावर विणेकरी बोलले, "मजूरच आहोत आपण, फक्त मुकादम पंढरीचा आहे." ते बोलल्यावर विषय संपला. बायकांच्या भजनी मंडळाने पट्ट्या शिवायचे घेतले.

पट्टी कोणत्या रंगाची घ्यायची यावर दुकानात घोळ झाला तेव्हा निवडीचे काम माझ्याकडे आले. रात्री नऊच्या सुमारास नातवाच्या मागे गाडीवर बसून गावाबाहेरच्या रस्त्याला गेलो. चौघे जण वेगवेगळ्या पट्ट्या लावून कडेने चालत होते आणि नातू दिवा लावून हळूहळू मागून येत होता. दिसेल तेव्हा मी "विठ्ठल" म्हणायचे ठरले होते. लाल पट्टी फार जवळ गेल्यावर दिसली. पिवळी बरी. पांढरी लांबूनच चमकली, तेव्हा तीच घ्यायची ठरली. दुकानदार म्हणाला, महाराज, तुमच्या डोळ्यांवर कसा विश्वास ठेवायचा? मी त्याला सांगितले, ह्याच डोळ्यांना दिसली म्हणून तर घ्यायची. पन्नास मीटरचे दोन गुंडाळे आणले, त्यातला अर्धा अजून शिल्लक आहे. शेजारच्या गावच्या दिंडीला हवा असेल तर निरोप धाडावा.